तीन बहिणी आणि चार ट्रॅक

आबा फोन नेहमी उजव्या कानालाच लावायचे. उजव्या हातात विळा असला तर विळा खाली ठेवतील, पण फोन डाव्या कानाला लावणार नाहीत. लोणखेड्याला मी त्यांच्या वरच्या खोलीत राहायला गेले, त्या पहिल्याच आठवड्यात मी याचं कारण विचारलं. ते म्हणाले, "जेवना कान यवहारना, डावा कान गाणासना." उजव्याला इकडे जेवना म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. कान काय जेवतो, याचा विचार करत मी बराच वेळ बसले होते. खताचा दुकानदार, केळीचा व्यापारी, विजेचा वायरमन ही सगळी उजव्या कानाची माणसं. डाव्या कानात त्यांतलं कुणी जाता कामा नये. म्हातारपणी एक तरी कान स्वच्छ उरला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी तिथल्या ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवायला गेले होते. मी नगरकडची, त्यामुळे अहिराणी पहिले सहा महिने माझ्या डोक्यावरूनच गेली. आबा माझे घरमालक, साठी उलटलेले, उंच, सावकाश चालणारे. ते सतत काहीतरी ऐकत असत. केळीच्या शेतात ठिबकच्या नळीला कान लावून उकिडवे बसत आणि कुठलं छिद्र बुजलंय ते बोट ठेवून सांगत. बोलता बोलता मध्येच हात वर करत. मग आपणही गप्प व्हायचं. मिनिटभरानं हात खाली यायचा आणि बोलणं जिथं थांबलं होतं तिथून सुरू व्हायचं. काय ऐकलं ते कधी सांगायचे नाहीत. त्यांच्या पत्नीला मी मावशी म्हणत असे. मावशी म्हणायच्या, "कुकरन्या शिट्ट्या तेवढ्या यास्ले आयकू येतस नही."

दिवाळी झाल्यावर एका दुपारी आबा जिना चढून वर आले. हातात शहाद्याच्या सायबर कॅफेतून छापून आणलेले कागद होते, काळेपांढरे, शाई पुसट झालेली. कागदांवर बटणांच्या पेट्यांची चित्रं होती. घरी गाणं ध्वनिमुद्रित करण्याचे डिजिटल मल्टिट्रॅक रेकॉर्डर. मी फिजिक्सची, म्हणजे मला यातलं कळणार असं त्यांनी गृहीत धरलं होतं. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"म्याडम, एक बाईनं आज गायं, दुसरीनं महिनाभरमा गायं, ते दोन्ही संगे गातीस असं आयकू येई का?"

येईल, मी म्हणाले. त्यासाठीच असतं हे मशीन. प्रत्येकीचा आवाज आपापल्या ट्रॅकवर बसतो आणि नंतर सगळे ट्रॅक एकदम वाजवता येतात. आबा तोंड किंचित उघडं ठेवून माझ्याकडे पाहत राहिले. मी अख्ख्या वर्गाला प्रकाशाचा वेग सांगितला, तेव्हासुद्धा इतकं कौतुक कुणाच्या चेहऱ्यावर दिसलं नव्हतं.

त्या बायका कोण, हे मला मावशींनी सांगितलं. आबांच्या तीन बहिणी. धाकटी नवापूरला दिलेली, मधली तळोद्याला आणि थोरली अक्का तापीकाठच्या एका गावात, घरापासून गाडीनं जेमतेम पंचवीस मिनिटांवर. अखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, खानदेशात सासरी दिलेल्या मुली माहेरी येतात आणि झोक्यावर बसून गातात. या तिघींचं गाणं ऐकायला म्हणे शेजारच्या गावातली माणसं कुंपणाशी येऊन उभी राहत. मग आई गेली. आईच्या तेराव्याला तिघी घरात होत्या, आणि आबांनी तेव्हाच हक्कसोड पत्रं पुढं केली. वडिलार्जित जमिनीवरचा हक्क सोडल्याचा कागद. सगळीकडे असंच करतात, बहिणी एकत्र सापडतात म्हणून. धाकट्या दोघींनी सही केली आणि विसरल्या. अक्कानंही सही केली, पेन खाली ठेवलं, ताट न वाढून घेता घरी गेली आणि परत आली नाही. तिला सोडून आपण कसं जायचं, म्हणून बाकीच्या दोघीही अखाजीला यायच्या थांबल्या. या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती. आबांच्या मनात होतं ते इतकंच, की बहिणी नाही आल्या तर नाही, निदान त्यांचे आवाज तरी एकत्र यावेत.

हे सरळ नाही का सांगायचं त्यांना जाऊन, असं मी मावशींना म्हटलं. मावशी म्हणाल्या, ते तसं सांगू शकले असते तर त्यांना मशीन कशाला लागलं असतं?

मग निवड सुरू झाली आणि ती दिवाळीपासून होळीपर्यंत चालली. मुलीचं स्थळ बघायलाही लोक इतका वेळ लावत नाहीत. मी सुचवलं की हे हल्ली मोबाइलवरही होतं. आबांनी मोबाइलकडे बघून मान हलवली. ज्याच्यात खताच्या दुकानदाराचा फोन येतो, त्याच्यात बहिणींना बसवायचं नाही. लॅपटॉपवर होतं, मी म्हटलं. लॅपटॉप मध्येच स्वतःत काहीतरी सुधारणा करत बसतो, हे त्यांनी बँकेत पाहिलं होतं. त्यांना पेटी हवी होती. जिला दुसरं काही येत नाही अशी, एकच काम करणारी, सेलवर चालणारी. वीज काय, येते नि जाते. बटणं त्यांच्या बोटांना सापडतील एवढी मोठी पाहिजेत. आणि भरलेलं पुसून टाकायचं बटण बाकीच्या बटणांपासून लांब पाहिजे.

सुरतच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर गेले. नंदुरबारहून रेल्वेनं गेलो. आबांनी खिडकीशी बसून डावा कान बाहेर काढला होता. दुकानातला विक्रेता चुणचुणीत होता. आठ ट्रॅक, सोळा ट्रॅक, त्यात ढोल आधीच भरलेले, त्यात सभागृहाचा घुमारा. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, काही वाजवू नका. माइक लावा, कुणी बोलू नका, आणि मला नुसती शांतता भरून ऐकवा. विक्रेत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नजर छताकडे नेली. एकेक पेटी पुढं आली, आबा हेडफोन घालून डोळे मिटून बसले, आणि काहीही नसलेलं मन लावून ऐकू लागले. दुकानात दुसरी गिऱ्हाइकं आली, गिटारी बघून गेली. आबा शांतता ऐकत होते. मला वाटतं, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब दुपार असेल, आणि खरं सांगायचं तर मला ती संपायला नको होती.

मोठ्या पेटीचे हेडफोन त्यांनी लगेच काढले. "याना मझार कोठेतरी नळ टिपकी ऱ्हायना," ते म्हणाले, म्हणजे आत कुठंतरी नळ ठिबकतोय. विक्रेत्यानं कबूल केलं की हो, त्या मशीनला थोडा सरसर आवाज येतो खरा, पण तो कुणाला कळत नाही. शेवटी एका लहान चार ट्रॅकच्या पेटीवर आबा थांबले. तिच्यातली शांतता कोरडी आहे, असं ते म्हणाले. विक्रेत्यानं शेवटचा प्रयत्न केला की काका, थोडे पैसे घाला, आठ ट्रॅकची घ्या, पुढं उपयोगी पडेल. आबा म्हणाले, "तीन बहिनी, एक झोका. पाचवा कोन बठनार शे?"

पेटी घरी आली. आबा ती धुतलेल्या धोतरात गुंडाळून ठेवत. पंधरा दिवस त्यांनी फक्त सराव केला. पंपाचा आवाज एका ट्रॅकवर, मावशींच्या भाकरी थापण्याचा दुसऱ्यावर, दोन्ही एकदम वाजवून बघत. मावशी म्हणाल्या, अख्ख्या संसारात या माणसानं माझी भाकर पहिल्यांदाच ऐकली.

आधी आम्ही तळोद्याला गेलो. मधली बहीण गाते त्याच्या तिप्पट बोलते. अंगणातल्या कडुलिंबाला तिचा झोका होता. झोक्यावर बसल्याशिवाय गळा उघडत नाही, असं तिनं सांगून टाकलं, मग मी माइक धरून तिच्याबरोबर मागंपुढं होत राहिले. गाणं संपल्यावर तिनं मला त्याचा अर्थ सांगितला. सासुरवाशीण ओट्यावर बसली आहे. अखाजी चार दिवसांवर आली. माहेराहून तिला न्यायला भाऊ यायचा आहे. त्या न्यायला येणाऱ्या भावाला पुस्तकात मुराळी म्हणतात, इकडे मुरायी. तो दिसत नाही, म्हणून ती नदीला विचारते, वाऱ्याला विचारते. हल्ली कोण मुरायी येतो, मधली हसत म्हणाली, पोरं मोटारसायकलवर आणून सोडतात. आबा तेव्हा मशीनवर वाकून आकडे बघत होते.

पुढच्या आठवड्यात नवापूर. धाकटी अबोल, बोलण्यात गुजराती मिसळलेली. तिच्या ओसरीत लोखंडी सळयांचा झोपाळा होता, त्यावर बसून ती तेच गाणं गायली. दोघी सुंदर गायल्या. घरी येऊन आबांनी दोन्ही ट्रॅक एकदम लावले आणि आम्ही गार पडलो. एकीला गावाला जायची घाई आणि दुसरी वाटेत सगळ्यांची विचारपूस करते आहे, असा प्रकार. एकही ओळ एकत्र येईना. आबांनी पेटी बंद केली आणि दोन दिवस शेतातून घरी जेवायला आले नाहीत.

मशीनमध्ये ठेका धरणारी टिकटिक होती. ती दोघींच्या कानात सोडली तर लय एक राहील, असं मी सुचवलं. आबांनी ती ऐकली आणि हेडफोन उतरवले. हे दवाखान्यात असतं, ते म्हणाले, हिच्यापुढं माझ्या बहिणी गाणार नाहीत.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि इतका उशिरा पडला याची फिजिक्सवाली म्हणून मला आजही लाज वाटते. दोघी झोक्यावर गायल्या होत्या. लय त्यांच्या गळ्यात नव्हती, दोराच्या लांबीत होती. लिंबाचा झोका लांब, तो सावकाश जातो. ओसरीतला झोपाळा आखूड, तो लगबग करतो. कोण बसलंय, जड की हलकं, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही. हे मी तीन वर्षं फळ्यावर लिहीत होते, पोरं चार मार्कांसाठी पाठ करत होती. आबांना मी दोऱ्याला चावी बांधून दाखवलं. त्यांनी दोरा आखूड केला, लांब केला, परत आखूड केला. मग मागच्या चिंचेखाली गेले. जुन्या झोक्याची कडी अजून फांदीला होती. तिथून पाटापर्यंत त्यांनी हवेतच आपल्या हातानं मोजलं. नऊ हात.

बाजारातून नवा दोर आला. नऊ हातांची खूण करून, चिंचेखालचा जुना पाट धुऊन, आम्ही ती वरात पुन्हा तळोद्याला नेली. मधलीनं या खेपेला झोक्यावर बसल्याबरोबर पाय आखडले आणि गप्प झाली. "हाऊ ते आपला घरना झोका शे," ती म्हणाली.

नवापूरच्या ओसरीत नऊ हात मावेनात. पण धाकटीच्या घरचा कोंबड्यांचा व्यवसाय होता. एक शेड नुकतीच रिकामी झालेली, धुऊन चुना मारलेली, पुढची पिल्लं यायला आठवडा होता. छताच्या लोखंडाला आम्ही दोर बांधला. लांबच लांब पांढरी शेड, दोन्ही बाजूंना जाळ्या, जाळ्यांतून उन्हाचे ठिपके, आणि मधोमध पन्नाशीची बाई कानाला हेडफोन लावून डोळे मिटून हलते आहे. कानात तिला बहीण ऐकू येत होती. आम्हाला फक्त तिचा एकटीचा आवाज येत होता, आणि तो शेडच्या टोकाला जाऊन परत येत होता. कुठं तरी एक पीस तरंगत खाली आलं. गाणं कधी संपलं ते मला कळलं नाही. आबांनी हात वर धरला होता, तो बराच वेळ खाली आला नाही.

त्या संध्याकाळी दोन्ही ट्रॅक एकदम वाजले. दोघी एका झोक्यावर बसल्या होत्या. मावशी भाकरी टाकून बाहेर आल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. आबांनी हेडफोनची एकच बाजू कानाला लावली होती, डाव्या. तिसरा ट्रॅक रिकामा होता, आणि आता अखाजीला सहाच दिवस उरले होते.

अक्काकडे जायला त्यांनी आणखी दोन दिवस घालवले. सेल बदलले, दोर पुन्हा मोजला, हेडफोनचा फोम पुसला. निघालो ते दुपारी. पेटी पुढच्या सीटवर, मी मागं दोर आणि पाट घेऊन. पंचवीस मिनिटांचा रस्ता. दोन्ही बाजूंनी केळी होत्या, त्यापलीकडे सातपुडा उन्हात विरघळल्यासारखा दिसत होता. आपण जागे आहोत की नाही, असं मला वाटायला लागलं.

अक्का ओट्यावर कुरडयांची राखण करत बसली होती. सत्तरीची, बारीक, पाठ ताठ. भावाला बघून ती उठली नाही, पण सुनेला हाक मारून पाणी मागवलं. मला चहा आला, आबांना पाणीच. आबांनी पेटी ओट्यावर ठेवली आणि एकदम खूप बोलायला लागले. हे मशीन असं, याचे ट्रॅक असे, शांतता कशी कोरडी आहे, सुरतेत कसं निवडलं, नऊ हात दोर कसा. माइक लावला, तिसऱ्या ट्रॅकचं बटण दाबलं, लाल दिवा लुकलुकायला लागला. अक्का ऐकत होती, त्यांच्याकडे न बघता. मी हेडफोन पुढं केले, तर तिनं मुकाट्यानं घालू दिले.

दोन्ही बहिणी तिच्या कानात गात होत्या. तिचा चेहरा हलला नाही. फक्त पायाचा अंगठा जमिनीवर मागंपुढं व्हायला लागला. गाणं संपल्यावर तिनं हेडफोन काढून मला विचारलं की धाकटीला आता दम लागतो का. मी म्हटलं, थोडा. मग ती पहिल्यांदा भावाकडे वळली.

"तू मुरायी म्हनीसन उना, का हाई पेटी भराले उना?"

आबा पेटीकडे बघत राहिले. मला वाटतं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना ती पेटी दिसली. शांतता ऐकून निवडलेली, धोतरात गुंडाळलेली. अखाजीच्या चार दिवस आधी, न्यायला येणाऱ्या भावाच्या दिवशी, भावाच्या वाटेनं ते बहिणीच्या दारात आले होते, आणि न्यायचा विचार त्यांच्या मनात आला नव्हता. फक्त आवाज घेऊन परत जायचं ठरलं होतं. त्यांनी पेटी उलटी केली, मागचं झाकण काढलं आणि एकेक करून सेल बाहेर काढून ओट्यावर ठेवले. लाल दिवा गेला.

"अक्का, मी चुकनू," ते म्हणाले. "मायना तेराव्वाले तुन्हापुढे कागद ठेवा. तुले इचारं नही."

अक्कानं कुरडयांवर बसलेली चिमणी हाताच्या झटक्यानं उडवली. "जमीन माले नको व्हती," ती म्हणाली. "तू इचारतास ते हासीसन सही करी देती." आणि थोड्या वेळानं, "अकरा अखाजी मी वाट दखी."

 आबांच्या नाकातून पाणी येत होतं ते त्यांनी बाहीनं पुसलं. शेवटी म्हणाले, "घर चाल."

अक्का उठून आत गेली. आत कुठली तरी ट्रंक उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. ती आता बाहेर येत नाही, असं मला वाटायला लागलं आणि मी भीतीनं दोर गुंडाळायला घेतला. ती आली तेव्हा पातळ बदललेलं होतं, हातात पिशवी होती आणि सुनेला कुरडया उलटायचं सांगत होती. गाडीपाशी जाऊन तिनं पुढचं दार उघडलं. सीटवर आबांनी नुकतीच आणून ठेवलेली पेटी होती. अक्का नुसती उभी राहिली. आबांनी पेटी उचलली, मागं नेऊन डिकीत ठेवली, स्टेपनीशेजारी, धोतरात न गुंडाळता, आणि परत येऊन बहिणीसाठी दार धरून उभे राहिले.

बाकीच्या दोघींना मावशींनी फोन केले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तळोद्याची आली, संध्याकाळी नवापूरची. अखाजीला चिंचेखाली तिघी एका पाटावर बसल्या. पाट तिघींना पुरत नव्हता, त्या एकमेकींना ढकलत होत्या. आबा दोराला धरून उभे. थोरलीनं सुरुवात केली. तिचा आवाज बाकी दोघींपेक्षा खाली होता, आणि तो आल्यावर मला कळलं की आम्ही इतके दिवस जे ऐकत होतो ते गाणं अर्धंच होतं. कुंपणाशी माणसं गोळा झाली.

त्या गाण्याचं रेकॉर्डिंग नाही. पेटी डिकीत होती. ती आणावी हे आबांना सुचलंच नाही. मला सुचलं होतं, पण मी उठले नाही.